तेल बदललं, मग रिपोर्ट का बदलला नाही?

"काय ओ मॅडम, घाण्याचं तेल चालू केलंय की! तरी हे कोलेस्टेरॉल खाली यायला तयारच नाही." लिपिड प्रोफाइलचा कागद हातात पडला की हे वाक्य थोड्याफार फरकानं कानावर येतंच. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, पण रक्त घेणं, फिरवणं, मशीनला लावणं आणि आकडे कागदावर उतरवणं हे रोजचं. सांगली-मिरजेत अलीकडं लाकडी घाण्यांची दुकानं बरीच झालीत. लोक जास्तीचे पैसे मोजून तिथलं शेंगतेल नेतात आणि आकडे हलले नाहीत की घाणेवाल्यानं भेसळ केली असं धरून चालतात. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. आधी रिफाइंड शेंगतेल खात होता, आता घाण्याचं शेंगतेल खाताय. शेंगदाणा तोच, त्यातलं फॅटही तेच. मग लिव्हरला काय फरक कळणार?

"कुठलं तेल चांगलं?" हा प्रश्न सगळे विचारतात. आधी जे खात होतो त्याच्या जागी हे आलं का, किती आलं आणि ते कितव्यांदा तापवलेलं आहे, हे कुणी विचारत नाही. रक्तवाहिन्यांचं बरंवाईट याच तीन गोष्टींवर बरंचसं ठरतं.

रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर, पारदर्शक सिरम उरतं. ट्यूबच्या मागं छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. पण येताना वाटेत मिसळ हाणून "उपाशीच आहे" म्हणून खुर्चीत बसणारे महाभाग असतात. त्यातल्या ज्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारं साधं फॅट, मुळातच जास्त, त्यांचं सिरम दुधट आणि गढूळ निघतं, मागचं अक्षर काही दिसत नाही. खोटं तिथंच पकडलं जातं.

ही दुधट छटा कोलेस्टेरॉलची नसते. फॅट पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, म्हणून शरीर फॅट आणि कोलेस्टेरॉल प्रोटीनच्या वेष्टनात घालून बारीक कणांच्या रूपात फिरवतं. जेवणानंतर आतड्यातून सुटणारे मोठे कण म्हणजे कायलोमायक्रॉन. गढूळपणा त्यांचा, आणि तो काही तासांत ओसरतो. लिव्हर स्वतः बनवून सोडतं ते व्हीएलडीएल. त्यातलं ट्रायग्लिसराइड वाटून झालं की शेवटी उरतो तो एलडीएल, कोलेस्टेरॉलनं भरलेला छोटा कण. तो दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतो. सिरममध्ये डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि खरी काळजी मात्र याचीच. रिपोर्टवर एचडीएलही असतो, ज्याला 'चांगलं' म्हणायची पद्धत आहे. पण एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची मोठी चाचणी 2006 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण एचडीएल भरपूर वाढूनही औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून एचडीएलच्या आकड्यावर फार हुरळून जाऊ नये असंच तज्ज्ञ सांगतात.

भिंतीच्या आत काय चालतं

तेल खाल्लं की ते नळीला आतून चिकटत जातं आणि एक दिवस नळी चोक होते, असं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. सकाळी उठून कोमट पाणी-लिंबू, लसूण-आल्याचा काढा पिऊन 'नळ्या धुऊन काढायचे' उपाय याच चित्रातून निघालेत. पण चोंदण पृष्ठभागावर चिकटत नाही. ते भिंतीच्या आत साठतं, तिथपर्यंत काढा पोचत नाही.

रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. त्याला एन्डोथेलियम म्हणतात. बराच काळ शास्त्रज्ञांनाही हे नुसतं अस्तरच वाटायचं. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकन संशोधक सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन काम करायचे. एकच औषध लावलं तरी काही तुकडे सैल पडत, काही आकसत. 1980 मध्ये त्यांनी छापलं की सैल पडणाऱ्या तुकड्यांचं अस्तर शाबूत असतं आणि आकसणाऱ्यांचं हाताळताना घासलं गेलेलं असतं. म्हणजे वाहिनीला "सैल हो" असं सांगणारं काहीतरी त्या अस्तरातून सुटतं. ते निघालं नायट्रिक ऑक्साइड. 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या शोधासाठी फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. नमुना कसा हाताळला यावर नोबेलचं दार उघडलं, हे आमच्यासारख्या लॅबवाल्यांना फार आवडतं.

हा वायू वाहिनी सैल ठेवतो आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, भिंतीला चिकटू देत नाही. अस्तर बिघडलं की दोन्ही कामं ढिली पडतात. हे मोजताही येतं: दंडाला बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा पाच मिनिटं घट्ट आवळून सोडतात आणि रक्ताचा लोंढा आल्यावर धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर बघतात. अमेरिकेत 1997 साली 10 निरोगी माणसांना 50 ग्रॅम फॅट असलेला फास्ट-फूडचा नाश्ता देऊन हीच तपासणी केली, तेव्हा हे रुंदावणं पुढचे चार तास जवळपास निम्म्यावर आलं. तेवढ्याच कॅलरीचा पण फॅट नसलेला नाश्ता दिल्यावर तसं झालं नाही. अभ्यास अगदी छोटा आहे आणि एका नाश्त्यानं कुणाला अटॅक येत नाही. पण हा नाश्ता रोजचा असेल तर अस्तराला उसंत कधी मिळायची, एवढं त्यातून विचारता येतं.

एलडीएलचे कण हे अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात. काही परत बाहेर पडतात, काही तिथल्या प्रोटीनना चिकटून अडकतात आणि हळूहळू खराब होतात, म्हणजे ऑक्सिडाइज होतात. त्यांना साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. वर्षानुवर्षं हे चाललं की भिंतीत मऊ गाळ साठतो, त्यावर एक पापुद्रा धरतो. हृदयाला रक्त देणारी धमनी मुळात तीन-चार मिलिमीटरची. पण दर वेळी ती गाळानं भरून बंद होते असंही नाही. पापुद्रा फाटतो, आतला गाळ रक्ताला लागतो, प्लेटलेट धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळी होते. अडथळा निम्माच असलेली जागासुद्धा अशी फुटू शकते. "परवाच तर चेकअप नॉर्मल आला होता" असं ज्यांच्याबद्दल ऐकतो, त्यांतल्या काहींचं असंच झालेलं असतं.

गव्हाण किती उघडी आहे

आता खाण्यातलं फॅट या सगळ्यात कुठून येतं?

ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजायला सोपं आहे. हंगामात कारखान्याच्या दिशेनं ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात. गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढून नेणारा पट्टा, नीट चालू असेल तर ट्रॉल्या रिकाम्या होऊन परततात, रस्ता मोकळा राहतो. गव्हाण मंदावली की आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर रांग लागते, आणि जितका वेळ रांग उभी, तितक्या ट्रॉल्या साइडपट्टी सोडून कुणाच्या तरी रानात कलंडायची शक्यता जास्त. लिव्हर हा कारखाना, एलडीएलचे कण या ट्रॉल्या, आणि लिव्हरच्या पेशीवर एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर म्हणजे गव्हाण. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे रिसेप्टर शोधले, 1985 चं नोबेल त्यासाठीच. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मतःच निम्मे असतात. त्यांचं एलडीएल तरुणपणीच 190 च्या वर असतं, मग ते तूप खावोत की कोरडी भाकरी. त्यांना तेलाच्या गप्पा सांगण्यात अर्थ नाही, त्यांना गोळीच लागते. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी अखेर हेच करते, लिव्हरला जास्त रिसेप्टर उघडायला लावते.

सॅच्युरेटेड फॅट, ज्याला शाळेच्या पुस्तकात संपृक्त मेद म्हणतात, ते जास्त झालं की लिव्हर रिसेप्टर कमी करतं. रक्तातले एलडीएल कण उचलले जात नाहीत, आकडा चढतो. अनसॅच्युरेटेड फॅट त्याच्या जागी आलं की उलट होतं. तूप रक्तात गोठून बसतं, हे मात्र खरं नाही. शरीर 37 अंशावर असतं, तिथं तूप पातळच असतं, आणि तसंही आतड्यात त्याचे तुकडे होऊनच ते आत जातं.

फॅट घट्ट की पातळ हे त्याच्या रेणूच्या आकारावर ठरतं. सॅच्युरेटेड फॅटची साखळी सरळ असते, त्यामुळं रेणू एकमेकांना चिकटून दाट बसतात. अनसॅच्युरेटेडच्या साखळीत एक किंवा जास्त ठिकाणी वाकण असते, म्हणून ते नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहतं. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते आणि शेंगतेलाची बरणी मात्र वाहती असते, ते यामुळंच. खोबरेलात जवळपास 90 टक्के सॅच्युरेटेड. तुपात साठ-पासष्ट टक्के. पामतेलात निम्मं. शेंगतेलात वीस टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेल्यातलं निम्म्याहून अधिक ओलेइक नावाचं, एकाच वाकणीचं फॅट, आणि बाकी लिनोलेइक, दोन वाकणींचं. सूर्यफुलात सॅच्युरेटेड अकरा-बारा टक्के, आणि करडईत सगळ्यात कमी, दहाच्याही आत. करडईचं तीन चतुर्थांश तेल लिनोलेइकच.

पूर्वी जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडं रब्बीच्या शाळूला करडईचा काटेरी पाटा असायचा, जनावर आत शिरू नये म्हणून, आणि घरचं तेलही त्यातूनच निघायचं. आज स्वस्त तेल म्हणून पामतेल घरात, हॉटेलात आणि फरसाणाच्या भट्टीवर पोचलंय. बाकी कुठल्याही तेलाच्या पुड्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं बघून भुलू नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल सांगण्यासारखं नसतंच, पामतेलातही नाही. त्रास त्यातल्या सॅच्युरेटेडचा.

तूप सोडलं आणि टोस्ट धरला

इथं सगळ्यात मोठी गफलत होते. रिपोर्ट वाईट आला, घरात तुपाची बरणी वर ठेवली गेली, भाकरीवरचं लोणी बंद झालं. पोट मात्र तेवढंच मागतं. मग सकाळी चहाबरोबर दोन टोस्ट जास्त, दुपारी भाताचा ढीग, संध्याकाळी 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं. तीन महिन्यांनी एलडीएल थोडं खाली आणि ट्रायग्लिसराइड दणकून वर. साखर आणि मैदा जादा झाला की लिव्हर त्याचंच फॅट बनवून व्हीएलडीएलमधून रक्तात सोडतं, एचडीएल खाली येतो. आपल्याकडं पोट सुटलेल्या, साखरेच्या काठावर असलेल्या माणसांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडगोळी इतकी नेहमीची आहे की रिपोर्ट बघून आश्चर्य वाटत नाही.

2020 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं सॅच्युरेटेड फॅट कमी करण्याच्या, किमान दोन वर्षं चाललेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. हार्टअटॅक, लकवा वगैरे सगळं मिळून सुमारे 17 टक्के कमी झालं. एकूण मृत्यूंत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. हे दोन्ही सांगितलं पाहिजे. एक बाजू उचलून "तूप विष आहे" आणि दुसरी उचलून "कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे" असे व्हिडिओ बनतात, आणि दोन्ही व्हॉट्सअॅपवर सारख्याच वेगानं फिरतात.

करडईच्या अभिमान्यांना एक कडू गोष्टही सांगते. 1966 ते 1973 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला, हृदयाचा त्रास होऊन गेलेल्या 458 पुरुषांपैकी काहींना सॅच्युरेटेडच्या जागी भरपूर करडईचं तेल आणि त्याचंच मार्गरिन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं फॅट, दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त झाले. जुनी माहिती शोधून 2013 मध्ये त्याचं नव्यानं विश्लेषण छापलं गेलं तेव्हा बराच वाद झाला. त्या काळच्या मार्गरिनमध्ये ट्रान्स फॅट असणार, असा आक्षेप घेतला गेला. इतर चाचण्यांत लिनोलेइकवाल्या तेलांनी फायदा झालेला आहे, त्यामुळं मी करडईला दोषी धरत नाही. पण एकच तेल धरून त्याचा मारा करावा, असंही मला वाटत नाही.

उलट बाजूनं स्पेनमधली प्रेडिमेड चाचणी बघा. धोका जास्त असलेल्या सात हजारांवर लोकांना ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदामासारखा सुकामेवा देऊन भूमध्यसागरी पद्धतीचं जेवण सुचवलं; अटॅक, लकवा आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून सुमारे तीस टक्के कमी झाले. 2013 चा तो लेख गट पाडण्यातल्या चुकांमुळं मागं घेऊन 2018 मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला, निष्कर्ष साधारण तोच राहिला. आता आपण ऑलिव्ह तेलात फोडणी घालायची का? परवडत असेल त्यांनी घालावी. शेंगतेल म्हणजे ऑलिव्ह तेल नव्हे, पण ओलेइक त्यातही भरपूर आहे, आणि मूठभर शेंगदाणे किंवा दाण्याची चटणी बिस्किटाच्या पुड्याच्या जागी आली तर सौदा वाईट नाही. 'जागी' हा शब्द विसरू नका. पुडाही आणि शेंगदाणेही, असं झालं की संपलं.

डालडा गेला, मग खारी कशात फुगते?

पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आपल्याकडं 1937 साली डालडा आला आणि लग्नाच्या पंगतीपासून दिवाळीच्या शंकरपाळ्यांपर्यंत सगळीकडं शिरला. अर्धवट हायड्रोजन घातलं की काही साखळ्यांची वाकण सरळ होऊन बसते. हेच ट्रान्स फॅट. 1990 मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं की ते एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएलही घटवतं. म्हणजे सॅच्युरेटेडपेक्षाही वाईट. त्यात वाद उरलेला नाही, अस्तरालाही ते सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ते दिवसाच्या कॅलरीच्या एक टक्क्याच्या आत हवं. 2000 कॅलरी धरल्या तर साधारण सव्वादोन ग्रॅम.

भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 पासून 3 टक्के आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली. चांगली गोष्ट आहे. पण खारीचे पापुद्रे सुटायला घट्ट फॅट लागतंच. ट्रान्स काढलं की त्याजागी बहुधा पामतेलाचा घट्ट भाग येतो, म्हणजे पुन्हा सॅच्युरेटेड. खारी कागदावर दहा मिनिटं ठेवून उचला आणि कागद उजेडाला धरा, डाग स्वतःच बोलतो.

कढईच्या कडेचा चिकटा

घरातल्या भज्याच्या कढईकडं जरा नीट बघा. कडेला, कानाजवळ पिवळट-तांबूस थर बसलेला असतो. हाताला चिकट लागतो, साबणानं जात नाही, नखानं खरवडावा लागतो. ते तेलच आहे, पण आता त्याचे रेणू एकमेकांत गुंफून राळ झालेत. तेल वारंवार 170-180 अंशांवर तापलं, हवा आणि कांद्याबटाट्यातलं पाणी लागलं की ते तुटतं, ऑक्सिडाइज होतं, त्यातून अल्डिहाइडसारखी घाण तयार होते. काही कडेला बसते, बाकी वड्यातून पोटात जाते. वाकण्या जितक्या जास्त, तितकं तेल लवकर बिघडतं. म्हणून करडई-सूर्यफुलाचं तेल फोडणीला आणि रोजच्या भाजीला ठीक, तळणीला शेंगतेल जास्त टिकतं. आणि ते कितीही चांगलं असलं, तरी तळून उरलेलं पुन्हा पुन्हा तळणीला घेऊ नये. एकदा गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवावं. फेस यायला लागला, रंग काळवंडला, वास खवट झाला की सोडून द्यावं.

धंद्यासाठी नियम आहे: तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड', म्हणजे तेल बिघडून तयार झालेले घटक, 25 टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही. हे मोजायचं छोटं यंत्रही मिळतं. आपल्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर ते कुणाकडं असेल अशी आशा मी करत नाही. कढईत रोज नुसती भर घातली जाते की तेल बदललं जातं, हे गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या दिसतं. कटवड्याचं तेल शेंगदाण्याचं आहे का, असं विचारण्यापेक्षा कालचं आहे का, हे विचारा.

घाण्याच्या तेलाबद्दल मग काय? त्याला वास आहे, चव आहे, व्हिटॅमिन ई आणि काही उपयोगी घटक थोडे जास्त राहतात. भडंगाला जी चव त्याची येते ती दुसऱ्याची नाही. पण बुरशी धरलेले शेंगदाणे घाण्यात गेले तर त्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा काही भाग तेलात उतरतो, आणि रिफाइन करताना तो बराच निघून जातो तसा इथं निघत नाही. म्हणून घाणेवाल्याचं पोतं उघडून बघावं. दाणे हिरवट-काळे असतील तर दुकान बदला.

जवस आणि बांगड्याबद्दल थोडक्यात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 हे अनसॅच्युरेटेड फॅट असतं, पण ते एएलए या प्रकारचं, आणि माशातल्या ईपीए-डीएचएमध्ये त्याचं रूपांतर फार थोडंच होतं. तरी जवसाची चटणी चांगलीच. भाजून, कुटून खा, अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. रत्नागिरीकडून येणारा बांगडा किंवा तारली रश्शात आठवड्यातून दोनदा बेस, तळून कमी बेस. ओमेगा-3 च्या कॅप्सूलचं कौतुक मला नाही. 2018 च्या व्हायटल चाचणीत पंचवीस हजारांवर निरोगी लोकांना साध्या कॅप्सूल दिल्या, आणि अटॅक-लकवा-मृत्यू मिळून ठरवलेल्या मुख्य मोजणीत फरक पडला नाही.

राहिलं प्रमाण. माणशी दिवसाला तीसेक ग्रॅम वरचं तेल, म्हणजे सहा-सात छोटे चमचे, हे धरून चला, आणि त्यात तूपही मोजा. चौघांच्या घरात दिवसाला 120 ग्रॅम, म्हणजे पंधरा किलोचा डबा चार महिने पुरायला हवा. तुमच्या घरी किती पुरतो? बायका लगेच हिशोब करतात आणि नवऱ्याकडं बघतात, कारण महिन्याला एक डबा संपणारी घरं काही कमी नाहीत. बाहेरचा वडा, चिवडा, मिसळीवरचा कट तर त्यात धरलेलाच नाही. एवढं तेल पोटात जात असेल तर ते सोन्याच्या घाण्यातून काढलेलं असलं तरी काय उपयोग?

तुपाचं म्हणाल तर एक छोटा चमचा म्हणजे पाच ग्रॅम, त्यात साधारण तीन ग्रॅम सॅच्युरेटेड. 2000 कॅलरीच्या आहारात दहा टक्क्यांची मर्यादा म्हणजे दिवसाला बावीस ग्रॅम. वरणभातावर एक चमचा तूप घेणाऱ्या आजोबांना मी तरी अडवत नाही, त्यांचं गणित सकाळच्या खारीनं आणि संध्याकाळच्या फरसाणानं बिघडलेलं असतं. मिशेरी आणि तंबाखू चालू ठेवून तुपावर कात्री लावणाऱ्यांना मात्र तोंडावर बोलते. अस्तराला तंबाखूइतकं झोडपणारं स्वयंपाकघरात काही नाही.

आता रिपोर्ट वाचताना. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरतो तो नॉन-एचडीएल, भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात येतं. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, फ्रीडवाल्ड यांच्या 1972 च्या सूत्रानं काढतात, आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते सूत्र चालत नाही. नॉन-एचडीएलला ही अडचण येत नाही. तेल किंवा खाणं खरंच बदललं असेल तर फरक दिसायला सहा ते आठ आठवडे द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून पैसे घालवू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी या काळात स्वतःच्या मनानं बंद करू नका, नाहीतर आकडा कशानं हलला तेच कळणार नाही. शक्यतो त्याच लॅबमध्ये या, त्याच वेळेला, बारा तास उपाशी. आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर दोन दिवस थांबून या.